बसलेला बेड

आमच्या प्लँटला लिफ्ट आहे, पण ती सामानासाठी. माणसांनी जिने चढायचे. कंट्रोल रूम एवढ्या उंचावर का बांधली ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. कधी भेटलाच तर मी त्याला माझे दोन्ही गुडघे दाखवणार आहे. त्या दिवशी सकाळच्या शिफ्टला जाताना मी दर मजल्यावर थांबले, दर मजल्यावर त्याच्या नावाने बोटं मोडली आणि वर पोचले तेव्हा दार ढकलायचंही त्राण उरलं नव्हतं. आदली रात्र जागून काढली होती. आमच्या ह्यांना आडवं झालं की श्वास पुरत नाही. मग पाठीशी उशा रचायच्या, त्यांना बसतं करायचं, पाठ चोळायची आणि श्वास अडकला की 'हळू, हळू' म्हणत राहायचं. सकाळी ह्यांचा डोळा लागतो आणि माझी निघायची वेळ होते.

हे याच प्लँटवर होते. त्यांच्यामागून त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर, इथेच लागला. म्हणून हे 'थोरले' आणि दीर 'धाकटे'. थोरल्यांची छाती गेली, ते घरी बसले, आणि तोवर लॅबमध्ये नमुने तपासणारी मी पॅनेल चालवायला शिकले. दीर मला वहिनी म्हणतात, म्हणून अख्खा प्लँट मला वहिनी म्हणतो. साहेबसुद्धा. क्रेनवाला माझ्याहून वयाने मोठा आहे, तोही म्हणतो. आता सवय झाली, पण एवढ्या दिरांची वहिनी होणं काही खायचं काम नाही.

आत गेले तर भाऊजी पॅनेलच्या पडद्याकडे वाकून बसले होते. रात्रपाळी त्यांची. एरवी मी येते तेव्हा त्यांचा डबा पिशवीत गेलेला असतो, एक पाय दाराबाहेर असतो. आज उठलेच नाहीत.

"काय झालं?"

"काही नाही. या वहिनी."

काही नाही म्हणणारा माणूस एवढा घाम पुसत नाही. मी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ झाली होती.

आता रेघ सरळ झाली तर बिघडलं काय, हे कळायला आमचं काम कळायला हवं. सांगते, पण एकदाच. आम्ही लोखंड करतो, पण वितळवून नाही. पिठासारखी बारीक खनिजाची पूड एका उंच भांड्यात घालतो. त्याला आम्ही रांजण म्हणतो. पुडीत कोळशाचा चुरा मिसळतो. रांजणाच्या तळाला भोकाभोकांचा जाड तवा आहे, त्यातून तापलेला वायू वर सोडतो. वायूचा जोर नेमका जमला की ती पूड उचलली जाते आणि चक्क पाण्यासारखी उकळायला लागते. त्या उकळत्या थराला बेड म्हणायचं. असा लाल झालेला बेड उकळत राहिला की कोळसा आणि वायू मिळून खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि मागे लोखंडाचे कण उरतात. ऐकायला सोपं आहे. पण ताजं लोखंड गरम असताना चिकट असतं. कणाला कण लागला, त्याला आणखी चार लागले, की वायू एका बाजूने वाट काढून सटकतो आणि उरलेला बेड जागच्या जागी बसतो. बसला की दगड. कणांच्या मधे कोळशाची पूड असली तर ते एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून कोळसा सढळ हाताने घालावा लागतो.

रेघ म्हणजे बेडच्या वजनाने पडणारा दाब. बेड उकळतोय तोवर ती थरथरत असते. सरळ झाली की समजायचं, उकळी मोडली. नव्या माणसाला मात्र ती बघून वाटतं, वा, काय शांत चाललंय.

"कोळसा किती घालताय?"

"साहेबांनी सांगितलाय तेवढाच घालत होतो. आता वाढवलाय. वायूही वाढवलाय. हलत नाही."

साहेबांनी कोळसा कमी करायला सांगितला होता, कारण गिऱ्हाइकाची तक्रार होती की लोखंडात राख फार येते. कोळसा कमी केला तर कण चिकटणार, हे साहेबांनाही ठाऊक होतं, आम्हालाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चिकटले.

आणि मग भाऊजी खोकले. खोकला आला की ते तोंड फिरवतात, जसं काही मला पाठीमागून ऐकू येत नाही. कोरडा, छोटा खोकला. ह्यांचाही सुरुवातीला असाच होता. मी त्या खोकल्याबरोबर इतकी वर्षं संसार केलाय की मला तो जिन्यातूनही ओळखू येतो.

मागच्या महिन्यात मीच त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं होतं. ह्यांचेच डॉक्टर. त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "तुमचे बंधू आले तेव्हा उशीर झाला होता. तुम्हाला अजून झालेला नाही. पण यापुढे एकदाही त्या भांड्यात उतरायचं नाही. धूळ बंद झाली तर हे इथेच थांबेल. नाही झाली तर दोघं भाऊ शेजारी शेजारी बसाल." बाहेर आल्यावर भाऊजींनी मला दवाखान्याच्या पायरीवर थांबवलं.

"वहिनी, यातलं कुणाजवळ बोलायचं नाही. हिच्याजवळही नाही. तुम्हाला दादाच्या गळ्याची शपथ."

"अहो भाऊजी..."

"ऑफिसात कळलं तर अनफिट लिहितील. अनफिट म्हणजे घरी. मी घरी बसून काय करू? दादासारखा खिडकीतून रस्ता बघू?"

मी बरं म्हटलं. गळा माझ्याच नवऱ्याचा होता, करणार काय!

बसलेला बेड फोडायला माणसाने रांजणात उतरावं लागतं. दुसरा उपाय नाही. पूर्वी बाहेरची माणसं बोलावत. त्यांनी एकदा बेडबरोबर खालचा तवाही फोडून ठेवला. तेव्हापासून ठरलं की पॅनेलवाल्यांनीच उतरायचं, आणि कुणी, यावरून डोकी फुटू नयेत म्हणून ज्याच्या हातात बेड बसला त्याने. शिफ्ट बदलताना येणारा माणूस पडदा बघतो आणि म्हणतो, 'घेतला.' तो शब्द तोंडातून गेला की बेड त्याचा. तोवर जाणाऱ्याचा. आणि बसायला लागलेला बेड कुणी घेत नाही. गुपचूप खुर्चीमागे उभं राहायचं, त्याचं काय व्हायचं ते होऊ द्यायचं. त्याबद्दल कुणी कुणाला नावं ठेवत नाही. साहेब या नियमात पडत नाहीत. त्यांचं काम होतं, भांडण होत नाही, त्यांना आणखी काय हवं?

फोरमन चहाचा ग्लास घेऊन दारात उभा होता. मी खुर्चीमागे उभी राहणार हे धरून त्याने सरकून जागाही करून दिली.

"घेतला," मी म्हटलं.

फोरमनचा चहा सांडला. "अहो वहिनी, बघा तरी! रेघ बघा!"

"बघितली. घेतला."

"वहिनी, हा नका घेऊ," भाऊजी म्हणाले. त्यांना कळलं होतं मी का घेतेय ते. चेहरा पडला होता आणि रागही आला होता.

"डबा उचला आणि घरी जा. झोप काढा. उठा, मला बसायचंय. गुडघे बोंबलतायत."

मी खनिज बंद केलं, कोळसा ओतला, वायू वाढवला, परत कमी केला, झटक्यात पुन्हा वाढवला. जे जे येतं ते केलं. थोड्या वेळाने तापमानाचे आकडे फुटले. बेड उकळत असतो तेव्हा वरखालचे सगळे आकडे एकमेकांना धरून चालतात. आता एक चढत होता, एक उतरत होता, कुणाचा कुणाला पत्ता नाही. मी वायू तोडला आणि नायट्रोजन सोडला. संपलं. मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. बरंच वाटलं. भाऊजी वाचले, एवढंच डोक्यात होतं.

फोरमनने फळ्यावर माझ्या नावापुढे खूण केली आणि सहज म्हणाला, "म्हणजे आता धाकट्यांनाच सांगायला हवं, कधी उतरताय."

"त्यांना कशाला? मी घेतला ना?"

"तुम्हीच घेतला हो. पण तुमच्याऐवजी धाकटेच उतरणार ना? मागे नाही का उतरले?"

मागे एकदा वायू फुंकणारा ब्लोअर बंद पडून माझ्या हातात बेड बसला होता. बाईमाणसाने कशाला उतरायचं म्हणून तिच्या घरचा माणूस उतरू दे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, आणि भाऊजी उतरले. तेव्हापासून तोही नियम होऊन बसला. जागरणाने शिणलेल्या माझ्या डोक्यात ते आलंच नाही! बेड भाऊजींच्या नावावर राहिला असता तरी तेच उतरणार, माझ्या नावावर आला तरी तेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर त्यांच्या डोक्यावर मी बाईमाणसाचा उपकारही चढवला होता.

"मी उतरते," मी म्हटलं.

फोरमन हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने हसणं आवरलं. "वहिनी, उगीच काहीतरी. आत घण चालवायचा असतो, भाजी नाही परतायची."

"तुझ्या घरी कोण परततं? नियम काय आहे? घेतला त्याने उतरायचं. मी घेतला. नियमात मिशांचं काही आहे का?"

"नाही, पण..."

"पण गेलं चुलीत."

दुपारपर्यंत गोष्ट साहेबांकडे गेली. साहेब माणूस बरा आहे, फक्त कुठल्याही प्रश्नाला आधी 'बघू' म्हणतो. मी म्हटलं, पॅनेलवर चालते तर रांजणात का नाही? त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "मास्क, पट्टा, दोर. वर माणूस हवा." वरचा माणूस कोण, तर नियमाने घरचा. म्हणजे भाऊजी. चालेल, मी म्हटलं. वर उभं राहण्यात धूळ कमी असते.

रांजण निवायला बरेच दिवस लागतात. घाई करून चालत नाही. आतलं लोखंड गरम असताना त्याला हवा लागली तर ते आपणहून पेटतं. तोवर नायट्रोजन सोडून वाट बघायची. आम्ही वाट बघत होतो आणि बातमी माझ्याआधी माझ्या घरी जाऊन बसली होती.

जाऊ आली ती चप्पल न काढताच. "ताई, हे काय ऐकतेय मी? तुम्ही उतरणार आणि हे वर दोर धरून उभे राहणार? लोकं तोंडावर हसतायत ह्यांना. बायकोची ओढणी घे म्हणतात. तुम्ही ह्यांचं नाक कापताय, कळतंय का?"

"कळतंय."

"मग का करताय? काय वैर आहे तुमचं आमच्याशी?"

काय सांगणार? ती रडली, मी तिला पाणी दिलं, तिने घेतलं नाही. जाताना म्हणाली, "दादांच्या आजारपणात ह्यांनी काय नाही केलं तुमच्यासाठी," आणि ते खरंच होतं. ह्यांना पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने भाऊजीच चढले होते.

ती गेल्यावर हे उशांना टेकून माझ्याकडे बघत राहिले. ह्यांना बोलायचं असलं की आधी श्वास गोळा करावा लागतो, म्हणून हे फालतू काही बोलत नाहीत.

"धाकट्याला... खोकला आहे," हे म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"मला... ऐकू येतो. फोनवर." परत थोडा श्वास. "तुला शपथ घातलीय ना?"

मी मान डोलावली नाही आणि हलवलीही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेवढं आलं. ह्यांनी माझा हात धरला आणि थांबत थांबत सांगायला लागले. मधून फोडू नकोस, कडेने सुरू कर, विटांच्या लगत बेड कच्चा असतो. वायूने जिथून वाट काढलीय ते भोक शोध, तिथे पहार घाल. तव्याजवळ आलीस की घण ठेव, छिन्नी घे. मास्कचा पट्टा कानावरून नको, डोक्यावरून. एवढं सांगायला ह्यांना अर्धा तास लागला. शेवटी म्हणाले, "मला भीती वाटते. पण जा."

उतरायच्या दिवशी सकाळी सगळे जमले होते. ज्यांचं काम नव्हतं तेही. क्रेनवाला क्रेन सोडून आला होता. नायट्रोजन काढून आत हवा भरली, ती तपासली, माझ्या छातीवर गॅसचं यंत्र लावलं, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. दोर भाऊजींच्या हातात. ते माझ्याकडे बघत नव्हते. मॅनहोलच्या कडेला आकडे अडकवून दोराची शिडी आत सोडली होती. मी उतरताना कुणीतरी म्हणालं, "सांभाळून वहिनी," आणि कुणीतरी दबकं हसलं. हसा, मी मनात म्हटलं.

आत दिवा होता, तरी अंधारच. चारी बाजूंनी विटांची गोल भिंत. पायाखाली बेड, काळपट राखाडी, वरून भुसभुशीत, खाली दगड. भिंतीजवळ हाताएवढं भोक होतं, वायूने काढलेली वाट. ह्यांनी सांगितलं तसं तिथे पहार घातली. पहिला तुकडा निघाला आणि त्याची मोडलेली बाजू दिव्यात चांदीसारखी चमकली. लोखंड म्हणून झकास होतं, बाई! उकळत राहिलं असतं तर दुपारी गाडीत भरलं असतं.

तुकडे बादलीत टाकायचे, बादली वर जायची, रिकामी खाली यायची. थोड्याच वेळात दिव्याभोवती धूळच धूळ. मास्कच्या आत घाम, चष्म्यावर काजळी, तोंडात लोखंडाची चव. घण उचलायचा तर आधी मनाची समजूत घालावी लागत होती. तेव्हा मला कळलं की हे इतकी वर्षं कशात उतरत होते. मी ह्यांचे कपडे धुतले होते, पाणी काळं झालेलं बघितलं होतं आणि मला वाटलं होतं की मला माहीत आहे. काही माहीत नव्हतं.

अर्धा बेड निघाला असेल नसेल, माझे हात थांबले. म्हणजे मी थांबवले नाहीत, तेच थांबले. घण हातातून सुटून पायाशी पडला. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"वहिनी!" वरून भाऊजींचा आवाज. "झालं. या वर आता."

"येते. जरा दम खाते."

"दम खाऊ नका, वर या. उरलेलं मी काढतो."

मी वर पाहिलं. मॅनहोलच्या उजेडात त्यांचं डोकं दिसत होतं. कपाळावर चढवलेला मास्क होता. घेऊन आले होते म्हणजे. पहिल्यापासून तयारीनेच आले होते.

फोरमनचाही आवाज आला. "हो वहिनी, तुम्ही उतरलात, नियम झाला. आता धाकटे घेतील. या वर."

आणि भाऊजींचा बूट शिडीच्या वरच्या पायरीवर आला.

मी कसं उठले मला ठाऊक नाही. शिडी दोन्ही हातांनी धरून ओरडले, "पाय काढा!" त्या आवाजाने पाय निघाला. पाय निघताक्षणी मी शिडीला खालून झटका दिला, एक, दोन, आणि आकडे सुटले. अख्खी शिडी माझ्या अंगावर आली. दोराने मला वर ओढतील म्हणून कमरेचा पट्टा उघडला आणि भिरकावून दिला.

वर एकच गलका झाला. "वहिनी, वेड लागलं काय!" "पट्टा घाला!" "साहेबांना बोलवा!" फोरमन तर रडकुंडीला आला होता. आत माणूस पट्ट्याविना म्हणजे त्याची नोकरी.

"शिडी वर द्या वहिनी," भाऊजी म्हणाले.

"नाही देत."

"काय पोरखेळ लावलाय?"

"डॉक्टर काय म्हणाले ते सांगा इथे सगळ्यांसमोर. मग देते."

रांजणात आवाज घुमतो. वर कुणी पुटपुटलं तरी खाली ऐकू येतं. आता तर श्वासही ऐकू येत होते.

"तुम्हाला शपथ घातली होती," भाऊजी दात आवळून म्हणाले.

"म्हणून तर मी बोलत नाही. तुम्हाला बोला म्हणतेय."

"माझी नोकरी घालवायचीय तुम्हाला?"

"हो. घालवायचीय."

मग ते बोलले ते मी इथे सांगत नाही. आमच्या घरात वहिनीला असं कुणी बोललं नव्हतं. मी मास्क काढला, कारण मास्कमधून मला ओरडता येत नव्हतं, आणि ओरडल्याशिवाय आता गत नव्हती.

"एका भावाला मी रोज रात्री उचलून बसवते, भाऊजी. दुसऱ्याला कोण बसवणार? तुमची बायको? तिला तर माहीतही नाही! मी दमले. मला आता होत नाही. तुम्ही इथे उतरलात तर मी कुठे जाऊ? सांगा ना, मी कुठे जाऊ?"

धूळ घशात गेली आणि मी खोकत सुटले. वर कुणीतरी म्हणालं, "मास्क घाला वहिनी, पाया पडतो." मी घातला नाही. तशीच शिडी छातीशी धरून बसले. आपण म्हातारी बाई, अंगभर काजळी, एका लोखंडाच्या भांड्यात हट्ट धरून बसलोय, हे मला दिसत होतं. पण हलवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने भाऊजी बोलले. अगदी हळू.

"दादासारखंच झालंय."

मग परत, जरा मोठ्याने, बहुतेक साहेब आले होते म्हणून. "छातीत दादासारखंच झालंय. डॉक्टरांनी उतरू नको म्हणून सांगितलंय."

मी मास्क घातला. बादली खाली आली, तिच्या दोराला शिडी बांधून वर पाठवली. आकडे बसले. आधी फोरमन खाली आला. त्याने पायाशी पडलेला घण उचलला, मला हाताने शिडी दाखवली आणि भिंतीकडे तोंड करून कामाला लागला. मी वर आले तेव्हा भाऊजी तिथे नव्हते.

त्यांना अनफिट लिहिलं. अपेक्षेप्रमाणे. सगळ्यांनी सगळं केलं, निरोप समारंभही केला, ते त्याला आले नाहीत. मला पट्टा काढल्याबद्दल मेमो मिळाला आणि काही दिवस घरी बसवलं. तेवढीच झोप. उतरायचा नियम बदलला असं वाटत असेल तर तसं काही नाही. ज्याच्या हातात बसला तो उतरतो, अजूनही. फक्त आधी सगळ्यांचे छातीचे फोटो काढून झाले. कोळसा मात्र साहेबांनी वाढवून दिला, गिऱ्हाईक राखेसकट घ्यायला तयार झालं. इतकं सोपं होतं तर आधी का नाही, असं मी विचारलं. 'बघू' म्हणाले.

जाऊ येऊन गळ्यात पडून रडली. भाऊजी आले नाहीत. फोन केला तर उचलत नसत. ह्यांनी केला तर उचलत, हूं हूं करत आणि ठेवून देत. हे बरेच महिने चाललं. माझ्या जिवाला ते फार लागलं. मुलासारखा वाढवलेला दीर. लग्न होऊन मी आले तेव्हा माझ्यामागे मागे फिरायचा. पण मी परत तेच केलं असतं का? केलं असतं. पुढच्या वेळी शिडी आधीच ओढली असती.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. उघडलं तर भाऊजी. उन्हातून चालत आले होते, जिने चढून. मी 'या' म्हणायच्या आत सुरू झाले.

"काय समजता काय तुम्ही स्वतःला? सगळ्यांसमोर माझी अब्रू काढलीत! कुठेही विचारायला गेलो तर आधी ते म्हणतात, तू तोच ना, वहिनीने शिडी ओढली तो! घरात बायको मला औषधाच्या वेळा सांगते, पोरं जड पिशवी उचलू देत नाहीत, मी काय काचेचा झालोय? शपथ पाळली म्हणे! ह्याला शपथ पाळणं म्हणतात? तुम्ही मला आयुष्यातून उठवलंत वहिनी, उठवलंत! मला विचारायचं होतं, मी काहीतरी केलं असतं, बदली मागितली असती, मी काय लहान आहे? आणि वर दादाला सांगितलंत की मी फोन उचलत नाही! का उचलू? कशासाठी उचलू?"

शेजारची दारं उघडली. मी दाराला हात लावून उभी राहिले. ते बोलत होते, आवाज चढत होता, मला वाईट वाटत होतं, रडूही येत होतं, आणि त्यातच माझ्या लक्षात आलं की ते कुठे थांबले नाहीत. जिने चढून आले, दार उघडल्यापासून बोलतायत, ओरडतायत, आणि एकदाही खोकायला तोंड फिरवलं नाही.

आतून ह्यांनी हाक मारली. मी मागे वळून पाहिलं. हे उशांना टेकून, डोळे मिटून ऐकत होते.

"बोलू दे त्याला," हे म्हणाले. "थांबवू... नकोस."

मी दार सताड उघडलं आणि बाजूला झाले. भाऊजी बोलतच होते.